टोपीची गोल कड

रत्नागिरीच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या दुकानात मी एकदाच गेले, दादाबरोबर. रानडुकरांच्या शिकारीसाठी दादाने रायफलची काडतुसं घरीच भरली होती, आणि नेहमीपेक्षा जास्त दारू घातली होती. शिकारीला दुसऱ्याच दिवशी जायचं होतं.

त्या माणसाने आदल्या दिवशी उडवलेलं एक रिकामं काडतूस उजेडाकडे धरलं आणि बुडाच्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीवरून अंगठ्याचं नख हळूच फिरवलं.

"टोपीची कड गोल राहायला हवी. ही पार चपटी झालीय. दारू जास्त झाली. गोळी मारल्यावर रायफलचा बोल्ट उघडायला जड गेला काय?"

"छे, सहज उघडला," दादा म्हणाला.

"रायफल फुटायच्या आधी ही टोपी सांगते हो. नंतर ऐकायला कोण राहत नाय."

"फुटली का पण?" दादा हसला. "तुम्ही फारच घाबरता बुवा."

परक्यांसमोर मी सहसा बोलत नसे. पण आदल्या दिवशी दादाने ते काडतूस उडवलं तेव्हा अंगणात मी उभी होते.

"दादा, तू बोल्ट लाकडाने ठोकून उघडलास," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्या माणसाने मला शाबासकी दिली नाही, की दादाला टोमणा मारला नाही. भरलेल्या काडतुसांचा डबा त्याने आपल्याकडे ओढला आणि गोळ्या उपसून दारू काढायला घेतली. दादाने हात पुढे केला, तसा त्याने डब्यावर पंजा ठेवला.

"बाय बोलली ना आता," तो म्हणाला.