हेल्मेटच्या खाली मान असते

निवृत्तीआधीचं माझं शेवटचं पोस्टिंग लखनौ छावणीत आलं. मी सुभेदार, नर्सिंगच्या ट्रेडचा. जवानांना प्रथमोपचार शिकवायचं काम होतं. त्याआधीची वर्षं काश्मीरमध्ये एलओसीवर गेली होती. फौजेत तशा जागेला फील्ड म्हणतात आणि लखनौसारख्या जागेला पीस स्टेशन. पीस स्टेशनला बायकामुलं सोबत असतात आणि रात्री बूट काढून झोपता येतं.

हवालदार दत्तात्रय भोईटे माझ्याआधीच तिथे आला होता. सातारा जिल्हा, तालुका कोरेगाव. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. एलओसीवर आम्ही एकाच गाडीवर होतो. तो पुढे स्टीअरिंगवर, मी मागे जखमींजवळ. शेलिंग चालू असताना निघायचं की थांबायचं, हे त्याने मला कधी विचारलं नाही. फक्त म्हणायचा, "मागं नीट धरलंय ना, साहेब?" मी हो म्हटलं की गाडी सुटायची.

लखनौत सकाळी पीटी, नंतर क्लास. मानेच्या जखमेचा धडा मी स्वतः घ्यायचो. हातापायाचं रक्त थांबेना तर जखमेच्या वर पट्टा आवळता येतो. मानेला आवळला तर माणूस गुदमरून मरेल. तिथे बोट जखमेत घालायचं, रक्त जिथून येतंय तिथेच दाबायचं आणि ऑपरेशन टेबलापर्यंत काढायचं नाही. जखमीला आडवंच ठेवायचं. बसवलं तर फाटलेली शीर हवा आत ओढते. जवान वहीत उतरवून घ्यायचे. दत्ताला हे सगळं तोंडपाठ होतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत जमघट असतो. अख्खं शहर गच्चीवर चढून पतंग उडवतं. आम्हाला सुट्टी होती. महानगर नावाच्या वस्तीत राहणाऱ्या एका मराठी बँक मॅनेजरकडे फराळाचं बोलावणं होतं. बायका मुलांना घेऊन पुढे गेल्या होत्या. दुपारी आम्ही दोघं दत्ताच्या मोटरसायकलवर निघालो. तो चालवत होता, मी मागे.

उड्डाणपुलावर त्याने एकदम डावा हात मानेकडे नेला. गाडी डुलली आणि आम्ही घसरत कठड्याशी गेलो. मी उठून बघतो तर तो बसलेला, हात मानेवर, बोटांच्या फटींतून रक्त येतंय. खांद्यावर मांजा लोंबत होता. नायलॉनचा, काचेचा लेप दिलेला. त्याच्यावर बंदी आहे. दुकानात मागितला की मिळतो.

दत्ताने हेल्मेट घातलं होतं. हेल्मेटच्या खाली मान असते.

मी त्याला आडवं केलं आणि हात बाजूला सारला. जखम डावीकडे. रक्त लालभडक, ठोक्याबरोबर उसळणारं. म्हणजे मेंदूकडे जाणारी धमनी. बोट आत घालून दाबलं. रक्त थांबलं.

"साहेब, काय झालं?"

"मांजा. बोलू नको."

"खोल आहे?"

"धरलंय मी."

दुसऱ्या हाताने छावणीतल्या इस्पितळाला फोन लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी उचलला.

"नेक इंज्युरी, सर. लेफ्ट साइड. आर्टरी. प्रेशर दिलंय."

"कॉन्शस?"

"हो, सर."

"बोट काढू नका. ऑपरेशन थिएटर रेडी करतो. गाडी पाठवू?"

"गर्दी आहे, सर. मिळेल त्या गाडीने आणतो."

गाड्या पुष्कळ होत्या. एक ऑटोवाला वाकून बघून म्हणाला, "पुलिस केस है, भैया," आणि निघून गेला. एका कारची काच खाली आली. आतल्या माणसाने सल्ला दिला, "आप एम्बुलेंस बुला लीजिए." काच वर गेली. चार-पाच जण मोबाइल धरून उभे होते.

"फौजी है," मी म्हणालो. "छावनी तक छोड़ दो."

त्यावर एकाने सॅल्यूट केला. सॅल्यूट करून तो स्कूटरवर बसून गेला.

शेवटी गाद्या वाहणारा एक लोडर, तिकडचा छोटा मालटेम्पो, थांबला. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. मागची फळी पाडून म्हणाला, "लिटाइए." त्याच्या कोऱ्या गाद्यांवर आम्ही दत्ताला ठेवलं. मी शेजारी गुडघ्यावर बसलो.

वाटेत दत्ता म्हणाला, "साहेब, उजवा हात कुठं गेला?" हात गादीवरच होता, त्याला जाणवत नव्हता. मग त्याचे शब्द जड झाले. मग ओठ हलायचे, शब्द निघत नव्हता. काय चाललंय ते मला कळत होतं. बोट सैल केलं तर रक्त जाऊन तो तिथेच संपणार. दाबून धरलं तर डावा मेंदू उपाशी. यातून सोडवणारा सर्जन अजून दूर होता आणि रस्त्यात सण होता.

इस्पितळाच्या सर्जन, लेफ्टनंट कर्नल मॅडम, दारातच उभ्या होत्या. लघवीसाठी घालतात ती रबरी नळी त्यांनी माझ्या बोटालगत जखमेत सरकवली आणि टोकाचा फुगा पाण्याने फुगवला. फुग्याने आतून दाब घेतला. "आता काढा," त्या म्हणाल्या. मी बोट काढलं. ते सरळ होईना.

त्यांनी दत्ताच्या मांडीतली शीर काढून धमनीला जोडली. अंधार पडल्यावर बाहेर आल्या.

"रिपेअर चांगला झालाय. धमनीतून रक्त नीट वाहतंय. पण मेंदूला फार वेळ कमी मिळालं."

"पुलावर वेळ गेला, मॅडम."

"तुम्ही बोट घातलं नसतं तर तो इथवर आलाच नसता." एवढं बोलून त्या परत आत गेल्या.

दत्ताची बायको सुनीता आयसीयूबाहेर बाकावर बसून राहिली. त्यांची मुलगी लखनौतच शाळेत जाणारी, हिंदीतच बोलायची. "पापा बोल क्यों नहीं रहे, अंकल?" मी म्हणालो, दमलेत. मेंदूची सूज वाढत गेली. चौथ्या दिवशी सकाळी दत्ता गेला. जोडलेली धमनी शेवटपर्यंत उत्तम चालू होती.

शव घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या वडिलांनी मला बाजूला बोलावलं.

"कुठल्या बॉर्डरवर होता?"

"लखनौला, आबा. पतंगाचा मांजा लागला."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "लोकांना काय सांगू?"

दत्ताचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही. तिथे लढाईत पडलेल्यांची नावं असतात. नियम तसा आहे आणि नियमाशी माझं भांडण नाही. म्हणून मी ते इथे लिहितो. हवालदार दत्तात्रय भोईटे, ड्रायव्हर, ॲम्ब्युलन्स.

पोलिसांनी अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. तो इसम सापडला नाही. आपल्या हातून कोणी मेलं हे त्याला ठाऊकही नसेल. त्या दिवसाचं त्याला एवढंच आठवत असेल, की आपला पतंग कटला.