गणपानं भिंतीवर लावलेलं रक्त

सांगलीहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं मला साताऱ्याच्या पेठेत गाठलं. "आवं, गणपा पेंटर गेला." मी म्हणालो, "न्यायला आलेल्या यमाचं चित्र काढून झाल्याबिगर त्यो हलायचा न्हाई." ड्रायव्हर हसला नाही...

गणपा माझा लहानपणापासूनचा दोस्त. सांगलीत तो मेलेल्यांच्या तसबिरी रंगवी. त्याच्या एका तसबिरीतल्या सासऱ्यासमोर सून जन्मभर डोईवरचा पदर ढळू देत नव्हती, आणि एका पैलवानाची तसबीर टांगताच त्या घरातली मांजरं गाव सोडून गेली. खप्पड गाल भरायचे, पांढऱ्या ओठांवर लाली चढवायची, हा धंद्याचा रिवाजच. माणूस भिंतीवर चढला की जिवंतपणी नव्हता एवढा धडधाकट दिसे.

गणपाची बायको सरूवहिनी म्हणजे त्याच्या मामाचीच मुलगी. गणपाच्या थोरल्या भावालाही तिचीच बहीण दिलेली. आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. पण गणपाचा बाळू मेणासारखा पिवळा, पोट नगाऱ्यासारखं. डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकात दिसेल तसं चित्र काढायला गणपालाच बसवलं. ते पाठवून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा होता. लढाईमुळं विलायती रंग मिळेनासे झालेले. गणपानं जपून ठेवलेली तांबडी नळी त्या चित्रावर पिळून रिकामी केली.

डॉक्टर बघत राहिले. "पेंटर, असं रक्त असतं तर पोरगं आत्ता झाडावर असतं."

"लय फिक्कं दिसत हुतं, म्हून जरा भरलं... हात आपसूक गेला."

"पुन्हा काढा. आहे तसं."

काढलं. पुसट, कडा कुरतडलेल्या पेशी, पाण्यात भिजून फाटलेल्या पापडासारख्या. मग डॉक्टरांनी नवराबायकोचंही रक्त पाहिलं. तोच दोष, दोघांतही थोडा थोडा. "म्हणून तुम्ही चालतेबोलते आहात. पोराच्या वाट्याला दोन्हीकडचं आलं. यावर औषध नाही."

बाळू गेला.

पुढं थोरल्या भावाच्या मुलासाठी, तानाजीसाठी, पुन्हा त्याच मामाच्या घरातली, सरूवहिनीच्या भावाची पोरगी ठरली. वडूजला, मुलीच्या गावी, सुपारी फोडायच्या बैठकीत गणपानं मुंबईहून परत आलेलं ते फिक्कं चित्र घोंगडीवर ठेवलं. मुलीचा बाप वाकून म्हणाला, "दाजी, ह्यो पापडाचा चुरा हाय व्हय?" बैठक हसली. मीही हसलो असतो, पण गणपाचं तोंड पाहिलं.

"ही माझ्या बाळूची तसबीर हाय," तो म्हणाला. "ह्यात तुझंबी घर हाय, माझंबी हाय. ही सोयरीक करू नगा."

मग मुलीचा बाप म्हणाला, "तुमचं पोरगं देवानं नेलं, दाजी. त्यापायी माझ्या लेकीला बट्टा लावू नगासा."

सुपारी फुटली. गणपा चित्र काखेत मारून जेवणाआधीच निघाला. त्यानंतर त्यानं कुणाचेच गाल भरले नाहीत; गिऱ्हाइकं तुटली.

परवा त्याच्या घरी गेलो. जिथं बाळूची तसबीर असायला हवी होती तिथं ते रक्त लावलेलं, त्याला हार. समाचाराला तानाजीची बायको आली होती, कडेवर तान्हं, ओठही पांढरे. मला कौतुकानं म्हणाली, "बघा की मामा, समदी म्हणत्यात, आमच्या घरात एवढं गोरं लेकरू कवा झालंच न्हाई."

सरूवहिनी उठल्या. हार काढला आणि पोरीला दिसू नये म्हणून ते चित्र भिंतीकडं तोंड करून लावलं.