शारजाच्या खाडीवर बर्फाची रील

गाडीत वाळू साचते ना, तसे आमच्या शुक्रवारच्या ग्रुपचे किस्से साचलेत. एक झटकायला जावं तर सीटखालून आणखी दहा निघतात! ग्रुप म्हणजे शारजाच्या खाडीच्या भिंतीवर गळ टाकून बसणारे तिघं. माझे बाबा, साइट इंजिनीअर. देवगडचे कदमकाका, अल क्वोजच्या गॅरेजमध्ये वेल्डर. आणि पुण्याचे कुलकर्णीकाका. शुद्ध शाकाहारी, माशाला हात लावत नाहीत, पण नेटवर वाचून सगळ्यांना शिकवतात! चौथा मी. दहावीत होतो, म्हणजे नावापुरता.

*

२००८ च्या क्रॅशमध्ये बाबांच्या कॅनेडियन बॉसची नोकरी गेली. जाताना त्याने बाबांना काय दिलं? टीव्ही नाही, सोफा नाही. एक हातभर काठी आणि तिला चपटी रील! इनलाइन रील. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायची!

"साहेब, हिकडे बर्फ फक्त लिंबूपाण्यात असतो," कदमकाका म्हणाले.

कुलकर्णीकाकांनी लगेच लेक्चर सुरू केलं. साध्या रीलवर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, आडवा सुटतो, पीळ पडतो, आमिष गरगर फिरतं, मासा बिचकतो. हिच्यात चाकावरून सरळ सुटतो. वर्थ आहे!

"फेकायची कशी?" कदमकाकांनी विचारलं.

"फेकायची नाहीच. सरळ खाली सोडायची."

"आणि गुंडाळायला?"

"एका फेऱ्याला वीतभर येतो."

"म्हणजे मासा वर येईस्तोवर ह्यो पोरगा ग्रॅज्युएट होईल!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मग तर मासा येतच नाही."

*

थोड्याच दिवसांत बाबांचीही साइट खलास! व्हिसा कॅन्सल होणार, सामान बांधून ठाण्याला परत. आई बॅगा भरत होती आणि बाबांचं एकच, "जायच्या आधी हिच्यावर एक मासा काढणारच. नाहीतर इथून नेलं काय मी?"

म्हटलं, रीलची नीट टेस्ट तरी घेऊ! दुबईच्या मॉलमध्ये आइस रिंक आहे. काठी जॅकेटमध्ये लपवली, स्केट्स घातले, मधोमध बसलो आणि तंगूस सोडला. लोक फोटो काढायला लागले! नेपाळी गार्ड घसरत घसरत आला. मला वाटलं, आता बाहेर काढतोय. त्याने बर्फाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भाई, मछली ऊपर फूड कोर्ट में है."

*

पुढच्या शुक्रवारी बाबा थर्मासमधून चहा ओतायला गाडीपाशी गेले. मी काठी उचलली, गळाला सुपरमार्केटचा फ्रोझन हमूर मासा अडकवला आणि हळूच पाण्यात सोडला.

बाबा आले. काठी वाकलेली! "लागला! लागला!" वीतभर, वीतभर, वीतभर. घामाघूम! कदमकाका नाचतायत, कुलकर्णीकाका "सावकाश, सावकाश!" करतायत. शेवटी मासा वर आला. ताठ. शेपटीवर बारकोड!

"बिल करूनच आलाय मेला!" कदमकाका खालीच बसले.

कुलकर्णीकाका मात्र एकदम सिरीयस. "गोठलेला मासा, बर्फाची रील. झालं की आइस फिशिंग!"

बाबांची चप्पल माझ्याकडे रीलपेक्षा बऱ्याच वेगाने आली.

*

शेवटचा शुक्रवार. रात्रीची फ्लाइट. कदमकाकांच्या तंगुसाला पीळ पडून गुंता झालेला, ते तो सोडवत शिव्या घालतायत. बाबांची काठी भिंतीला लागून सरळ खाली. आणि ती वाकली!

बाबा काठीकडे गेलेच नाहीत. माझ्याकडे वळले. "कार्ट्या, आज काय बांधलंस?"

"नो बाबा! प्रॉमिस!" माझ्या दोन्ही हातांत चहाचे कप.

"शपथ घे."

"तुमची शपथ!"

"माझी नको. आईची घे."

काठी पाण्यात चाललेली! कुलकर्णीकाका किंचाळले, "अहो, आधी गुंडाळा! शपथ नंतर!"

यल्ला, चला! बाबा गुंडाळायला लागले. वीतभर, वीतभर. मासा भिंतीखाली शिरतोय, तंगूस सरळच्या सरळ, एक पीळ नाही! कदमकाका स्वतःची काठी टाकून ओरडतायत, "फिरवा साहेब, फिरवा!" आणि आला वर! शेरी मासा, चांगला हातभर, जिवंत, फडफडणारा!

कदमकाकांनी झडप घालून पकडला. आधी शेपटी पुसली. उलटा केला, सुलटा केला, स्टिकर शोधला. माशाने त्यांच्या थोबाडीत शेपटी हाणली.

"ओरिजिनल आहे!" कदमकाका गाल चोळत म्हणाले.

बाबांनी मासा हातात घेतला. खूप वेळ बघितला. गळ अलगद काढला, भिंतीवर ओणवे झाले आणि सोडून दिला पाण्यात.

"अहो साहेब! काय केलात? मस्त कालवण झालं असतं!"

बाबा रुमालाला हात पुसत म्हणाले, "राहू दे रे. त्याचा व्हिसा चालू आहे."