मांगरातलं गाऱ्हाणं

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. विहीर खणायची असो, लग्नाचा मांडव असो की पोरांच्या क्रिकेटच्या मॅचेस. आधी नारळ ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या पुरुषाने हात जोडून देवाला चार गोष्टी मोठ्याने सांगायच्या. त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालणार पुरुषच. बायकांच्या वाट्याला फक्त 'व्हय म्हाराजा' येतं, आणि ते आम्ही इतक्या लहानपणापासून म्हणत आलोय की समोरचा काय बोलला ते कानात शिरायच्या आधीच तोंडातून निघून जातं. माझा मांगर या सवयीपायी गेला.

मांगर म्हणजे घरापासून वीस पावलांवर, गुरांसाठी आणि गवतासाठी बांधलेली जागा. पूर्वी जत्रेला दशावताराची मंडळी यायची तेव्हा रंगायला, म्हणजे तोंड रंगवून सोंग घ्यायला, आमच्या मांगरात बसायची. पुरुषच लुगडी नेसायचे, पुरुषच राण्या व्हायचे, आणि मला मात्र दारात उभं राहायलाही मनाई होती. मी मागच्या कुडाच्या फटीतून बघायचे. मिशीवाला माणूस बघता बघता राणी कसा होतो ते मी त्या फटीतून शिकले. पुढे शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, आईजवळ राहिले. गुरं विकल्यावर मांगर रिकामाच पडला होता. तो झाडून सारवून घेतला आणि मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी वाडीतल्या मुलांचा दशावतार सुरू केला.

मुंबईहून सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांची मुलंही त्यात असायची. शनिवारी सकाळी मी गोष्ट सांगायची, राजा कोण, राणी कोण ते ठरायचं. संवाद लिहून द्यायचे नाहीत. दशावतारात ते नसतातच, ज्याने त्याने आपापल्या अकलेने बोलायचं. रविवारी पाच वाजता मांगरातच खेळ, मध्ये एक बाकडं, मागे पडदा. माझा नियम एकच होता, राक्षस मुलगीच होणार. पहिल्या वर्षी त्यावर वाडीत बरीच कुजबुज झाली. नंतर मुली होळीपासूनच विचारायला लागल्या, "बाई, औंदा राक्षस कोण?" वर्षभर बाकी जे करते ते मी पगारासाठी करते. हे दोन दिवस माझे होते.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला. दर मे महिन्यात सहकुटुंब यायचा, आंबे खायचा, माझ्या खेळाला 'तुझा पोरखेळ' म्हणायचा आणि खेळाच्या वेळी पुढच्या खुर्चीत बसून जांभया द्यायचा. वडील गेल्यापासून सुरुवातीचं गाऱ्हाणं तोच घालतो. गेल्या वर्षी मात्र तो शुक्रवारीच आला आणि शनिवारी सकाळी मुलं जमायच्या आधी मांगरात डोकावला. हातात मोजायचा टेप होता.

"कशाला?" मी विचारलं.

"बघूया, किती काय बसतं," तो म्हणाला.

मला वाटलं पडदा. आदल्या वर्षी पडदा आखूड पडला होता आणि ते मी त्याला फोनवर सांगितलं होतं. भावाने लक्षात ठेवलं म्हणून मी हरखून गेले. टेपचं दुसरं टोक मी धरलं. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंचीसाठी स्टुलावरही चढले. तो मोबाईलमध्ये आकडे लिहून घेत होता. खिडकी एकच का, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो, म्हणून तर दुपारचं उकडतं. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. इथे भांडं मीच धरून उभी होते आणि मला ताक दिसत नव्हतं.

तो शनिवार फार चांगला गेला, हे सांगताना आजही चीड येते. वहिनी कधी नव्हे ती मुलांबरोबर खाली बसली आणि पुठ्ठ्याचे मुकुट कापून त्यांना चकाकता कागद चिकटवत राहिली. दुपारी आईने ओल्या काजूंची उसळ केली, मुलं मांगरातच पंगतीला बसली. दादाने स्वतः वाढलं. इतक्या वर्षांनी घर एकत्र काहीतरी करतंय असं मला वाटलं, आणि रात्री आईला मी तसं बोलूनही दाखवलं. आई कूस बदलून झोपली. दमली असेल असं मी समजले.

रविवारी पाचच्या सुमाराला मांगर भरला. पडद्यामागे मी शेजारच्या सातवीतल्या मुलीला रंगवत होते. त्या वर्षीचा राक्षस तीच होती. तोंडाला रंग लावून झाला होता, एक भुवई काढून झाली होती, दुसरीला हात घातला होता. पडद्यापुढे दादाने नारळ ठेवला. एरवी तो आमच्याशी पुस्तकी मराठी बोलतो, पण गाऱ्हाण्याला वडिलांची मालवणी काढतो आणि ती त्याला छान जमते, हे कबूल केलं पाहिजे.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरू केलं.

"व्हय म्हाराजा."

"आज ही लेकरां जो काय खेळ करतत, तो गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या हातसून काय चुकला माकला, तर पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या मांगराच्या जाग्यार आमी भावा-बहिणीन पावण्यांसाठी खोल्ये बांधूचो जो संकल्प केलेलो आसा, तो शेवटाक ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. भुवईचा कोपरा वळवता वळवता, सगळ्यांबरोबर, चांगलं खणखणीत म्हटलं. आणि म्हटल्यावर मला ऐकू आलं.

दादा थांबला नव्हता. "आणि जो कोण ह्या कामाच्या आड येयत, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. या वेळी मी गप्प होते, पण आता गप्प राहून काय उपयोग. सुबुद्धी कोणाला द्यायची ते दादाने नाव न घेता देवाला सांगितलं होतं.

"बाई, माजी भुवय अर्धीच रवली," ती मुलगी म्हणाली.

मी भुवई कशीबशी पुरी केली. पडदा सरकला, पेटी वाजली, खेळ झाला. राक्षस झकास झाला. राजा त्याला मारायला पुढे आला तेव्हा त्या मुलीने आयत्या वेळी मरायला नकार दिला, "आदी माजा गाऱ्हाणा ऐक" म्हणाली, आणि लोक पोट धरून हसले. दादा सगळ्यांत जास्त हसला. मी पडद्याआड मुकुट गोळा करत होते. मला तेव्हाच बाहेर येऊन बाकड्यावर उभं राहून सांगता आलं असतं की संकल्प-बिंकल्प काही झालेला नाही. मी आले नाही. मुलांचा खेळ मोडेल असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की इतक्या लोकांसमोर भावाला खोटं पाडायची मला भीती वाटली.

मुलांचे चेहरे खोबरेल तेलाने पुसून त्यांना घरी धाडलं आणि मग दादाला गाठलं. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. माझ्या सहीशिवाय तिथली वीट हलली नसती, आणि ते ठाऊक असल्यामुळेच त्याने देवाला मध्ये घातला.

"मला विचारलं असतंस तर?" मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला. अगदी शांतपणे. "आता सगळ्या वाडीसमोर हो म्हणालीस."

"मी रंगवत होते."

"मग देवाला तसं सांग."

वहिनी भांडी आवरत होती, तिने मान वर केली नाही. मी आईकडे बघितलं. आई खांबाला टेकून बसली होती.

"तुका म्हायत होता?" मी विचारलं.

"तेणां माका इचारल्यान होता," आई म्हणाली. "तुका सांगू नुको म्हणालो. तू उगीच वाद घालतलंस म्हणान."

आपलेच दात, आपलेच ओठ. पुढचे तीन दिवस मी सही करणार नाही म्हणून अडून बसले. मी देवभोळी नाही. देवाला रागावायचंच असेल तर तो आधी गाऱ्हाणं घालणाऱ्यावर रागावेल एवढी अक्कल त्याला असावी असं मी धरून चालते. पण आईला ते पटवता येईना. तोंडातून गेलेला शब्द परत घेतला की घराचं वाटोळं होतं, हे तिच्या हाडांत आहे. ती जेवेनाशी झाली. ऐंशीच्या पुढची बाई नुसत्या पेजेच्या पाण्यावर, आणि मला विचारणार, "देवाक दिलेलो शब्द फिरवतलंस?" गुरुवारी मी सही केली. दादाने पेन पुढे केलं तेव्हा त्याचं टोपणही आधीच काढून ठेवलेलं होतं.

पावसाळ्यानंतर मांगर पाडला आणि दिवाळीनंतर काम सुरू झालं. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या तीन खोल्या, गुळगुळीत लाद्या, प्रत्येक खोलीत एसी. या वर्षीही मी मे महिन्यातला शनिवार सोडला नाही. शाळेचा व्हरांडा मागितला, तर सुट्टीत फाटकाची किल्ली देता येत नाही असं उत्तर मिळालं. फणसाखाली मुलं बसवली. पहिल्या दिवशी अकरा आली, ऊन चढल्यावर पाच उरली. राक्षस झालेल्या मुलीला आईने शिवणाच्या क्लासला घातलं होतं. रविवारी दोनच आली, तीही सरबत पिऊन गेली. दादा मला म्हणाला, खोल्यांवर येणाऱ्या लोकांना काहीतरी गावाकडचं बघायचं असतं, वीस मिनिटांचं बसव ना, राक्षस-बिक्षस. मी नाही म्हटलं. तो खांदे उडवून गेला. त्याला ते काही फार हवं होतं असंही नाही.

त्याच संध्याकाळी खोल्यांचं गाऱ्हाणं होतं. वाडी जमली. दादाने नवीन लादीवर नारळ ठेवला आणि हात जोडले. मी आईला धरून बायकांत उभी होते. या खेपेला मी एक एक शब्द नीट ऐकला. येणाऱ्याजाणाऱ्याचं रक्षण कर, धंद्याला बरकत दे, भावा-बहिणीचं असंच एकमत राहू दे. प्रत्येक वेळी मी दात घट्ट मिटून घेतले. माझ्यावाचून ते 'व्हय म्हाराजा' तितकंच मोठं झालं. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आईला आता कमी ऐकू येतं. नारळ फुटल्यावर तिने माझा हात ओढून विचारलं, "म्हटलंस मां गो तू?"

"व्हय," मी म्हटलं.