आमचे सायकलवाले सर

सर रेल्वे स्टेशनवर उतरणार होते त्या सकाळी मनीषनगरातल्या आमच्या गल्लीत कुणी घरी थांबलं नाही. पश्चिमेच्या समुद्रापासून थेट ईशान्येच्या डोंगरांपर्यंत एकट्यानं सायकल चालवत गेलेला माणूस आपल्या मागच्या गल्लीत राहतो, हे आम्हाला त्यांच्या प्रवासातच कळलं होतं. ते रोज व्हिडिओ टाकायचे आणि मी ऑफिसात डबा खाताना तो बघायचे. आज नदीवरचा पूल, आज घाट, आज पावसात भिजलेला तंबू. संध्याकाळी घरात पाऊल ठेवलं की सासूबाई आधी तेच विचारायच्या, "आज कुठवर पोचला वं तो?"

स्टेशनबाहेर ढोल वाजत होते. सर आले ते सायकल खांद्यावर घेऊन. चेहरा उन्हानं करपलेला, ओठ फुटलेले. कुणी फेटा बांधला, कुणी हार घातले. सासूबाईंनी गर्दीतून वाट काढत त्यांना ओवाळलं. सर वाकून पाया पडले, तेव्हा ह्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग सरांनी माइक घेतला. म्हणाले, "ज्यांनी कधी सायकल चालवली नाही त्यांना मी शिकवणार. आपल्या मैदानावर, उद्यापासून. पहिले बायांना. कोण येते?"

माझा हात कधी वर गेला ते मला कळलं नाही. माहेरी सायकल भावांची होती. मला फक्त ती पुसायला मिळायची. आता चाळिशी उलटली होती आणि गुडघे कुरकुरत होते, तरी रात्रभर मी कूस बदलत राहिले.

खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीणही आली. तिचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणारी बाई, पण सरांच्या बाबतीत हळवी. "मायी सासू म्हणते, या वयात पडशील," ती म्हणाली, "मी म्हटलं, तो माणूस हिमालयात नाही पडला, तो मले काहून पडू देईन?"

पडलो आम्ही भरपूर. कोपरं सोलली, एकदा मी सरळ पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळले. सर सीट धरून मागे पळायचे आणि एकच सांगायचे, "चाकाकडे पाहू नका. जिथं जायचं तिकडे पाहा." एका सकाळी मी कोपऱ्यातल्या कडुनिंबाकडे बघत पायडल मारत होते. "सर, सोडू नका," असं ओरडले, तर त्यांचं उत्तर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून आलं. ते तिथं मैत्रिणीच्या सायकलची सीट खाली करत होते. मी एकटीच चालले होते. कानात वारा, आणि थांबायचं कसं ते अजून शिकायचं होतं. मी मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. त्या दिवशी ऑफिसात मी कुणाशीही धड बोलू शकले नाही, सारखं हसूच येत होतं.

मग आम्ही रेल्वेवरचा उड्डाणपूल चढलो. मग कामठीपर्यंत गेलो, तिथं घामाघूम होऊन तर्री-पोहे खाल्ले. सर म्हणाले, आता रामटेक. येत्या रविवारी. आमच्या सगळ्या बायांच्या अंगात वारं शिरलं.

त्याच आठवड्यात मैत्रीण दुकानातून परस्पर माझ्या दारात आली. तिनं बोलण्याआधीच फोन पुढं केला. "पाह्य."

एका ट्रक ड्रायव्हरनं आपल्या केबिनमध्ये काढलेला व्हिडिओ होता. शेजारी सर बसलेले, चहा पीत, गप्पा मारत. मागच्या काचेतून पोत्यांवर बांधलेली त्यांची लाल सायकल दिसत होती. ड्रायव्हर बिचारा अभिमानानं सांगत होता की आज माझ्या गाडीत केवढा मोठा माणूस बसलाय. आणि त्याच दिवशीचा सरांचा स्वतःचा व्हिडिओ आम्हाला सगळ्यांना पाठ होता: कोसळत्या पावसात घाट चढून आलोय, असं सांगणारा.

त्यानंतर असे आणखी पुरावे निघाले. एका ढाब्यावरचा फोटो, एका टेम्पोवाल्याची आठवण. चौकातला अभिनंदनाचा फलक उतरला, ठरलेला सत्कार रद्द झाला. लोक सरांच्या फोटोला ट्रकचा भोंगा जोडून एकमेकांना पाठवू लागले. सर आमच्या ग्रुपमधून काही न लिहिता बाहेर पडले.

मैत्रीण तीन-चारदा तेच बोलली, "मी त्याच्यासाठी घरात भांडली." मला राग येत होता की रडू, ते ठरत नव्हतं. रामटेक रद्द करावं, असं बहुतेकींचं मत पडलं. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या सायकली त त्यानं ट्रकमधी नाही टाकल्या ना? मंग जा की."

शनिवारी ऑफिसातून येताना मी सरांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली होती. मी सरळच विचारलं, "काहून केलं, सर?"

"पहिल्यांदा गुडघा सुजला होता," ते म्हणाले. "पाऊस होता, ट्रक थांबला. वाटलं, एवढाच घाट. नंतर गुडघा बरा झाला होता, मॅडम. नंतर सवय लागली."

"आणि व्हिडिओ?"

"तुम्ही सगळे वाट पाहून राहिले होते."

त्यांनी माफी मागितली नाही, मीही ती देऊ केली नाही. उद्या आम्ही जातोय, एवढं सांगून निघाले. ते म्हणाले, "मी नाही येत. लोकं तुम्हाले हसतील."

रविवारी उजाडताच आम्ही निघालो. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. शहर मागं पडत गेलं तसा प्रत्येकीचा आवाज चढत गेला. कामठी कधी आली कळलं नाही. शेअर ऑटोतून लोक वळून वळून बघत होते आणि आम्ही त्यांना हात करत होतो. कन्हानच्या पुलावर खाली नदीवर धुकं पसरलेलं होतं, आणि माझे पाय माझे नसल्यासारखे हलके फिरत होते.

पुलापलीकडे मैत्रिणीची चेन अशी अडकली की निघेचना. आम्ही हात काळे करून घेत होतो, तेवढ्यात मागून ती लाल सायकल आली. सर उतरले, कुणाकडे न बघता खाली बसले आणि चेन सोडवू लागले.

मैत्रीण वरून म्हणाली, "ट्रक कुठी ठेवला, सर?"

सरांचे हात थांबले. मग ते तसेच खाली बघत म्हणाले, "आज नाही आणला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग आम्ही सगळ्याच हसलो, मैत्रीण सोडून. ती सायकलवर बसली आणि पुढं निघाली. सर शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागं राहिले. मनसरनंतर माझा दम तुटला, तेव्हा त्यांनी फक्त सायकल बाजूला आणली आणि माझ्या वेगानं चालवत राहिले.

रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा आम्ही एकमेकींना मिठ्या मारत होतो. तहान लागली होती आणि पाणी प्यायचंही सुचत नव्हतं. तिथं प्रसादाच्या दुकानावरच्या एकानं सरांना ओळखलं. फोन काढून म्हणाला, "हे तेच ना, ट्रकवाले? आज कोणत्या गाडीनं आले?"

मैत्रीण त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "त्या वक्ताचं आम्हाले काही विचारू नको," ती म्हणाली. "आजचं विचार. आज आमच्यासंग आले, सायकलनं. आम्ही पाहिलं." त्यानं फोन खिशात ठेवला.

परतीसाठी आम्ही टेम्पो ठरवला होता. सायकली चढवताना मी सरांना बोलावलं. ते बसले नाहीत. ऊन चढलेलं, तरी ते सायकलनंच एकटे परत गेले.

त्या आठवड्यात त्यांनी व्हिडिओ टाकून कुठून कुठवर गाडीत बसलो ते सगळं सांगून टाकलं. त्यानं त्यांचं नाव काही परत आलं नाही. लोकांनी तो व्हिडिओही हसण्यावारी नेला, आणि वर्ष सरायच्या आत ते दुसऱ्या गावी राहायला गेले. मैत्रीण आजही म्हणते, त्यांनी आपल्याला फसवलं, आणि ते खरं आहे. मला सायकल त्यांनी शिकवली, हेही खरं आहे. ह्या दोन्ही गोष्टी मी एकत्र बसवायचा प्रयत्न आता सोडलाय.

परवा आमच्याकडे नव्या बाया शिकायला आल्या. त्यातल्या एकीची सीट धरून मी मैदानभर पळाले. धाप लागली, पदर सुटला, आणि ती माझ्या हातातून सुटून पुढं गेली तेव्हा तिच्यापेक्षा मोठ्यानं मीच ओरडले.