दाणेवाल्याची हाक

दाणेवाल्याला गावात लग्नाचं बोलावणं यायचं, पण उशिरा ये आणि लवकर निघ, हे न सांगता सांगितलेलं असायचं. त्याला त्याचा राग नव्हता. ज्या तोंडातून एकतीस वर्षांत बेचाळीस मरणं बाहेर पडली, ते तोंड जेवताना समोर कोणाला हवं असतं? माणूस तसा साधा. जाडजूड, थोडा बहिरट, हातांना कायम उकडलेल्या कंदांचा आणि सुक्या मासळीचा वास. बायको होती तोवर ती त्याला दाराबाहेरच हात धुवायला लावायची, आणि धुऊन आत आला तरी नाक मुरडायची.

खिंडीच्या पायथ्याशी राखणदारांचं ठाणं होतं. हिवाळ्यात खिंडीपलीकडून जे उतरतं त्याला गावानं नाव ठेवलेलं नाही. नाव घेतलं की येतं म्हणे, म्हणून सगळे नुसतं 'ते' म्हणतात. त्याला अडवायचं काम राखणदारांचं, आणि राखणदार म्हणजे नुसता माणूस नव्हे, माणूस आणि त्याचं अस्वल. सोळाव्या वर्षी पोरापोरींना ठाण्याच्या अंगणात तीन दिवस तळहात उघडे ठेवून बसवतात आणि अस्वलाची पिल्लं सोडतात. एखादं पिल्लू येतं, तळहातावर नाक टेकवतं. झाली जोड. रानातली अस्वलं हिवाळाभर घोरत पडतात, ही जागी राहतात, कारण त्यांचा माणूस जागा असतो. आणि माणूस मेला की, मग तो दहा कोस लांब का मेलेला असेना, अस्वल खाणं सोडतं. घास तोंडात घेतं आणि तसाच खाली टाकतं. पंधरा-वीस दिवसांत तेही जातं. यात कधी चूक झाल्याचं कोणाच्या आज्याच्याही आठवणीत नाही.

दाणेवालाही सोळाव्या वर्षी अंगणात बसला होता. एक पिल्लू आलं, त्याचा हात हुंगला, शिंकलं आणि शेजारच्या पोराकडे गेलं. ही गोष्ट तो स्वतःच हसत हसत सांगायचा. बायकोला मात्र ठाऊक होतं की त्या हसण्यात काही दम नाही. पुढे तबेल्यात अस्वलांना खायला घालायची जागा रिकामी झाली आणि त्यानं ती धरली. राखणदार नाही तर नाही, अस्वलं तरी सापडली.

रोज सकाळी प्रत्येक अस्वलापुढे घमेलं ठेवायचं, शेवटचा घास पोटात जाईपर्यंत बघत उभं राहायचं, आणि मग तबेल्याच्या दारात येऊन हाक द्यायची. 'सगळ्यांनी खाल्लं!' ही हाक ऐकल्याशिवाय गावातल्या अर्ध्या घरांत चहाला चव येत नसे. कोणी वर अडकलेलं असलं, तर त्याच्या अस्वलासाठी वेगळी हाक. 'खाल्लं' म्हटलं की माणूस जिवंत आहे, शोध चालू. बुरुजावरचं लाल निशाण वरच राहतं, ते बर्फावरून दिसतं. 'नाही' म्हटलं की निशाण उतरतं आणि शोधाला गेलेले असतील तिथून माघारी फिरतात. मेलेल्यासाठी जिता माणूस बर्फावर ठेवायचा नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. बेचाळीस वेळा त्यानं 'नाही' म्हटलं होतं. आया त्याच्या अंगावर धावून आल्या होत्या, एकीनं पायातली चप्पल फेकून मारली होती. त्यानं ती उचलून नीट तिच्या पुढ्यात ठेवली आणि पुन्हा म्हणाला, 'नाही.' म्हणूनच त्याच्या 'खाल्लं'ला किंमत होती.

त्याची मुलगी ठिणगी. बोलायला फटकळ, म्हणून लहानपणापासून ठिणगीच. ती अंगणात बसली तर पहिल्या तासातच सगळ्यांत गुबगुबीत पिल्लू येऊन तिच्या मांडीवर झोपी गेलं. त्याचं नाव पडलं भोपळ्या. बाप तबेल्याच्या दारातून बघत होता, आणि भर अंगणात रडला. ठिणगी म्हणाली, "बाबा, आवरा आता. याला खायला घालताना रडा, तेव्हा खरं कारण असेल."

ठिणगी एकवीस वर्षांची असताना, ऐन थंडीत, भोपळ्या एकटाच परत आला. खोगिराचा एक पट्टा तुटलेला, पाठीवर कोणी नाही. वर दरड बर्फासकट खाली आली होती. नव्या बर्फावर अस्वलाचं ओझं झेपत नाही, म्हणून शोधाला राखणदार पायीच जातात आणि त्यांची अस्वलं तबेल्यात राहतात. चौघं वर गेले. बुरुजावर निशाण चढलं.

पहिल्या दिवशी भोपळ्यानं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी, पण खाल्लं. दाणेवाल्यानं दोन्ही दिवस अशी हाक दिली की बहिऱ्यालाही ऐकू जावी.

तिसऱ्या सकाळी भोपळ्यानं कंद तोंडात घेतला. थोडा वेळ धरून ठेवला. मग जबडा सैल सोडला आणि कंद पेंढ्यावर पडला.

दाणेवाल्यानं तो उचलला, पुसला, पुन्हा दिला. पुन्हा पडला. मासळी दिली, तीही पडली. आजवर बेचाळीस वेळा बघितलेलं त्यानं त्रेचाळिसाव्यांदा बघितलं. ओळखायला किती वेळ लागणार! तो उठला, दारात गेला. अंगणात ठाणेदारबाई उभ्या होत्या. त्याच्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, ठाण्यातल्या मुख्य त्याच, तरी त्याला काका म्हणायच्या.

"काका?"

'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर होता, हे तो पुढेही शपथेवर सांगायचा. तोंड उघडलं तेव्हा बाहेर पडलं, "खाल्लं!"

ठाणेदारबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. निशाण वरच राहिलं. दाणेवाला आत आला आणि घमेल्यातलं सगळं लिदीच्या ढिगाखाली पुरलं. काम चोख झालं. आपण काय केलं हे त्याला नीट कळत होतं. तरी मन आपलं कोर्ट भरवून बसलंच. भोपळ्या मुळातच लाडावलेला. दाढ दुखत असेल. पट्टा तुटला तेव्हा जबड्याला लागलं असेल. शिवाय निशाण उतरवलं आणि पोरगी एखाद्या कपारीत बसून तेच निशाण बघत असली तर? एक दिवस, फक्त एक दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबू तबेल्यात आला. लंबू म्हणजे खोगीरवाल्याचा मुलगा, ताडमाड उंच, तोही राखणदार. त्याची अस्वलीण घारी भोपळ्याच्या शेजारच्याच गाळ्यात. खोगीरवाला आणि दाणेवाला तीस वर्षं एकाच बाकावर बसून भाकरतुकडा खात आले होते. लंबूला आणि ठिणगीला दोघांनी एकाच टोपलीत निजवलं होतं. तेव्हाही त्याचे पाय बाहेर यायचे.

"काका, वर चौघं पुरत नाहीत. ठाणेदारबाई म्हणतात, आणखी कोणाला पाठवणार नाही, वारा वाईट आहे. पण मी हट्ट धरला तर सोडतील." तो गाळ्याच्या आडव्या फळीवर रेलला. "तुम्ही मला खरं सांगा. भोपळ्या खातोय ना?"

दाणेवाला पळ्यानं घमेलं ढवळत होता. ढवळतच राहिला.

"खातोय."

"मग मी जातो," लंबू म्हणाला. घारीच्या कपाळाला कपाळ लावलं आणि गेला.

त्यानंतर दोन सकाळी त्याच हाकेच्या. भोपळ्याच्या बरगड्या दिसू लागल्या. ठाणेदारबाई एकदा आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "काका, हा फारच उतरला हो."

"काळजी करतो. खातो, पण अंगी लागत नाही."

"तुमच्यासारखंच," त्या म्हणाल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. त्या हातापेक्षा एखादी चप्पल बरी होती असं त्याला वाटलं. घरी जाऊन तो मुलीच्या खोलीत बसायचा. खुंटीवर तिचा जुना कोट होता, त्याला तो हात लावत नसे. रडूही येत नव्हतं. रडायचं तर ती मेली म्हणावं लागलं असतं, आणि ती तर त्याच्याच हाकेनं रोज सकाळी जिवंत होत होती.

सातव्या सकाळी त्यानं घारीपुढे घमेलं ठेवलं. समोर बाकावर खोगीरवाला आरी घेऊन मुलाच्या खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. घारीनं कंद तोंडात घेतला, धरून ठेवला, आणि सोडला.

आरी थांबली.

"मासळी दे तिला," खोगीरवाला म्हणाला. "कंद कच्चे असतील."

मासळी दिली. ती घारीच्या ओठांवरून घसरून पेंढ्यात पडली. खोगीरवाला उठून जवळ आला. तीस वर्षं समोर बसून त्यानंही हेच बघितलं होतं. त्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"ऐक," तो हळू आवाजात म्हणाला आणि दाणेवाल्याचा हात धरला. "तू खाल्लं म्हण."

"अरे…"

"एकच दिवस. कोणाला कळतंय? तुझ्यावर कोण शंका घेणार? तू आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीस. चप्पल खाल्लीस, पण खोटं बोलला नाहीस. तू म्हटलंस तर मानतील. माझा पोरगा वर असेल रे कुठेतरी, नुसता बेशुद्ध असेल. एकदाच म्हण. मी तुझ्या पाया पडतो."

आणि तो खरंच वाकला. दाणेवाल्यानं त्याला धरलं. दोघांचंही वय झालेलं, धड वाकवेना, धड उचलवेना.

"आता खाल्लं म्हणता येणार नाही," दाणेवाला म्हणाला. "मी आधीच एकदा म्हणून बसलोय."

"काय?"

"भोपळ्यानं चार दिवसांपूर्वीच सोडलं. निशाण चार दिवसांपूर्वीच उतरायला हवं होतं."

खोगीरवाल्याला ते आधी समजलंच नाही. त्यानं भोपळ्याकडे बघितलं, त्याच्या लोंबणाऱ्या कातडीकडे बघितलं. मग त्यानं दाणेवाल्याच्या हातातून आपला हात काढून घेतला.

बाहेरून हाक आली. "काका?"

दाणेवाला दारात गेला. वर अजून चौघं होते.

"नाही! दोघांनीही नाही."

"दोघं कोण?"

त्यानं सांगितलं. कधीपासून तेही सांगितलं. ठाणेदारबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या आधी बुरुजाकडे धावल्या. निशाण उतरलं. नळावरच्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. दुपारपर्यंत चौघं खाली आले. एकाची बोटं काळी पडली होती. ते म्हणाले, लंबू काल संध्याकाळी बर्फाच्या भेगेत गेला. त्याआधी तो बुरुजाकडे बोट दाखवून म्हणाला होता, 'निशाण अजून वर आहे, अजून थोडं पुढे जाऊ.'

दाणेवाल्याचं काय करायचं ते ठाण्यात ठरायचं होतं, पण बाकीच्या अस्वलांना भूक लागली होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून खात नव्हती. तो तबेल्यात परतला. खोगीरवाला घारीच्या गाळ्यातच, पेंढ्यावर, भिंतीला टेकून बसला होता.

"जायच्या आधी तो इथे आला होता?" त्यानं वर न बघता विचारलं.

"आला होता."

"तुला विचारलं त्यानं?"

त्या वेळी तबेल्यात तिसरं कोणी नव्हतं. विचारलं नाही असं म्हटलं असतं, तर खोडून काढायला जगात कोणी उरलं नव्हतं. आणि समोरच्या माणसाला तेच ऐकायचं होतं, हेही दाणेवाल्याला दिसत होतं.

"विचारलं. भोपळ्या खातोय ना, म्हणाला."

"मग तू काय सांगितलंस?"

"खातोय म्हणून सांगितलं."

खोगीरवाल्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग त्यानं घमेलं स्वतःकडे ओढलं, त्यातला एक कंद घेतला आणि घारीच्या तोंडाशी धरला. तिनं तो घेतला आणि खाली टाकला. त्यानं उचलला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा तिच्या तोंडाशी धरला.