कासिमचाचांचा खडू

कासिमचाचांच्या खिशात पेन नसायचं, खडू असायचा. दोहाजवळच्या मेसईदच्या एका कारखान्यात क्रेनच्या टोळीचे ते मुकादम, मूळचे रत्नागिरीकडचे. वजन उचलायचा दोर किंवा साखळी पटली नाही, की तिच्यावर इंग्रजीत लिहायचे : डॉजी. मग तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

शब्द त्यांनी गोऱ्या फिटरांकडून उचललेला. "डगमगती शिडी डॉजी, वास मारणारी मासळी डॉजी, गोडबोल्या एजंट तर डबल डॉजी!" मी नाशिकचा नवा इंजिनियर. शहाणपणा पाजळला, की मूळ शब्द डॉज, म्हणजे हुलकावणी देणं. त्याच्याही मागचं मूळ कोशवाल्यांना सापडलेलं नाही. चाचा खूश. "म्हणजे ऐन वेळेला हुलकावणी देतंय ते. बरोबर हाय!"

एकदा कारखाना बंद ठेवून दुरुस्ती चालली होती. तीन टनांची मोटर उचलायची. लोखंडी दोर क्रेनला लागला, खाली चौघं उभे. चाचांनी दोरावर बोटं फिरवली आणि खडू काढला.

गोरा सुपरवायझर भडकला. "यल्ला, उचला! तपासणीच्या कागदावर सही आहे."

सही माझी होती. आणि देवाशप्पथ, दोर मी पाहिलाच नव्हता. ढिगातल्या बाकी कागदांसारखी त्यावरही ठोकली होती.

"दोर चांगला निघाला तर उद्याच्या विमानाने तू घरी," साहेबाने चाचांना सुनावलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातले कागद चाळत राहिलो. लाज वाटते सांगायला, पण दोर चांगला निघावा असंच मी मनात म्हणत होतो.

"कापा," चाचा म्हणाले.

ग्राइंडर फिरला. वरून ग्रीसने चकचकीत दोर, आतल्या तारांचा गंजून पार भुगा! साहेबाने सहीचा विषय काढला, तर चाचाच मध्ये पडले, "वरून दिसण्यासारखं नव्हतं, साहेब."

त्यानंतर चाचांनी त्या सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. मला मात्र रोज वाटायचं, आज काढतील.

दोन वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. दोहाच्या विमानतळावर सामान आत गेल्यावर त्यांनी खिशातला खडू माझ्या तळहातावर ठेवला.

"सही डॉजी होती, बाबा," ते म्हणाले. "तू होव नुको."